मसुदा कच्चा आहे तोवरच

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्या कॅन्सर ट्रायलचा प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा सगळा आराखडा, अजून कच्चा आहे. पक्का झाला की सरांना दाखवते." तेव्हा मी गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. बाळा, कच्चा आहे तोवरच दाखव.

तुझ्या वयात मी नेमकं उलट केलं होतं. दोन वर्षं खपून चाळीस रुग्णांची माहिती जमवली आणि मग संख्याशास्त्रज्ञांचं दार ठोठावलं. त्यांनी एकच विचारलं, "मुख्य काय मोजायचं, हे आधी ठरवलं होतंत का?" गाठ किती आटली, आजार किती दिवस आटोक्यात राहिला, माणूस किती जगला, सगळंच मी मोजलं होतं. ठरवलं मात्र काहीच नव्हतं. ते म्हणाले, "यातून आता हवं ते उत्तर निघेल, म्हणून कुठल्याच उत्तरावर भरवसा ठेवता येणार नाही." त्या अभ्यासासाठी ज्यांनी जास्तीची बायोप्सी करून घेतली, त्यांचे चेहरे मला आजही आठवतात. मला कुणी चुकीचं शिकवलं नव्हतं, शिकवलंच नव्हतं. वॉर्डातलं काम बघून बघून हाताला लागतं, ट्रायलची आखणी तशी येत नाही.

हे ओळखूनच १९९६ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हेल गावी तरुण कॅन्सरतज्ज्ञांसाठी आठवडाभराची कार्यशाळा सुरू झाली. आपली कल्पना घेऊन यायचं, छोट्या गटात अनुभवी डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्यासमोर ती मांडायची, रात्री बसून पुन्हा लिहायची आणि आठवड्याअखेर पूर्ण प्रोटोकॉल हातात घेऊन परतायचं. तिथे अर्धवट मसुद्याची लाज कुणालाच नसते, कारण सगळ्यांचेच अर्धवट असतात.

सर तुझा प्रश्नच मोडीत काढतील, ही भीती मला कळते. काढू देत. त्यांना एवढंच विचार, "उत्तर 'फरक नाही' असं आलं, तर उपचार बदलतील का?" अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये असाच प्रश्न हाती घेतला. एकोणिसाव्या शतकातले सर्जन हालस्टेड यांच्या काळापासून स्तनाच्या कॅन्सरमध्ये स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढण्याची रीत होती आणि बहुतेक सर्जनांना त्याबद्दल शंकाच नव्हती. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २००२ साली छापून आला: कमी कापलं तरी बाई किती जगते यात फरक पडत नाही. त्या 'फरक नाही'ने किती बायकांचे हात आणि खांदे वाचवले! तुझ्या प्रश्नात एवढं बळ आहे का, हे पहिला रुग्ण नोंदवण्याआधी कळायला हवं.

आणि गुरू एकच नको. संख्याशास्त्रज्ञांकडे आत्ताच जा, आकडे जमल्यावर नको. रिसर्च नर्सला तुझं भेटींचं वेळापत्रक वाचायला दे. केमोनंतर थकलेल्या माणसाला केवळ रक्ताच्या एका नमुन्यासाठी पुन्हा यावं लागतंय का, हे ती लगेच सांगेल. सरांच्या ते लक्षातही येणार नाही.

आज रात्रीच सरांना पाठव, आहे तसा. मलाही एक प्रत टाक. संमतीपत्रक मी आधी वाचीन आणि जिथे रुग्णाला, ही चाचणी आहे हे विसरून, 'हे औषध मला बरं करण्यासाठीच देताहेत' असं वाटेल, त्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारीन.

तुझी,
आई