ज्येष्ठांच्या हातातला फोन काढून घेऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापुरात पाऊस लागला की आमच्यासारख्या गुडघे धरलेल्या माणसांना चार-चार दिवस उंबरठा ओलांडता येत नाही. मी ७३ वर्षांची निवृत्त शिक्षिका. हे गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. वडिलांनी लहानपणी मोडी, म्हणजे मराठीची जुनी हाताने लिहायची लिपी, शिकवली होती, पण ती वाचून दाखवायची कुणाला?

तीन वर्षांपूर्वी नातीने मला फेसबुकवरच्या एका मोडी समूहात घातलं. तिथे लोक घरातल्या जुन्या कागदांचे फोटो टाकतात आणि ज्याला जे लागेल ते तो वाचतो. सगळे बहुतेक माझ्याच वयाचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, ओळभर आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. त्यामुळे एकेका शब्दावर दोन-दोन दिवस खल चालतो. 'रा॥' नावाआधी आलं तर राजश्री आणि गावाआधी आलं तर राहणार, हे मी तिथे कितीजणांना सांगितलं असेल! भिंगातून जे दिसत नव्हतं ते आता दोन बोटांनी फोटो मोठा केला की स्पष्ट दिसतं.

बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. मोडीतले कागद इथे कानडी घरांतूनही सापडतात. धारवाडच्या एका कानडी गृहस्थांनी आजोबांच्या शेताचा कागद टाकला होता. तो मी वाचून दिला. त्यांना मराठी बोलता येत नाही, मला कानडी बेताचंच येतं, तरी आता सणावाराला त्यांचा फोन येतो. सीमाभागात राहून मला हे फार मोलाचं वाटतं.

पण माझ्या बऱ्याच मैत्रिणींच्या हातात फोन फक्त उचलायला आणि ठेवायला आहे. कुणाला भरतकामाची आवड, कुणाला परसबागेची, एकीला तर नाण्यांची. मुलं म्हणतात, फसवतील. ही भीती खोटी नाही. मलाही ओळखीच्या बाईंच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला होता. मी त्यांना फोन करून विचारलं, म्हणून वाचले. असं घडलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, व्हिडिओ कॉलवर 'अटक' करणारा पोलीस खरा नसतो, एवढं तरी आम्हाला नीट बसून सांगा. त्यासाठी फोनच काढून घेणं बरोबर नाही. आणि शिकवताना "द्या इकडे, मीच करतो" म्हणून हातातून ओढून घेऊ नका. आमची बोटं हळू चालतात, पण चालतात.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. गावोगावीही वाचनालयं आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास मराठीतून फोन शिकवायला ठेवावा, आणि शिकवायला कॉलेजातली मुलं बोलवावीत. त्यांना सुट्टीत दुसरं काय असतं? खानापुरात कुणी असा तास सुरू केला, तर त्या मुलांना बदल्यात मोडीची मुळाक्षरं शिकवायला मी दर शनिवारी येईन.

आपली,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)