चढाईचा आकडा छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एका दिवसात अमुक हजार मीटर चढाई’ अशा मथळ्याची बातमी हल्ली कुठल्या ना कुठल्या मराठी दैनिकात दिसतेच. कोणी सिंहगड दिवसातून पाच वेळा चढतो, कोणी घाटात रात्रंदिवस सायकल वर-खाली करून एव्हरेस्टची उंची भरून काढतो. कौतुक जरूर व्हावे. तक्रार एवढीच, की बातमीत नुसता आकडा असतो. तो मोजला कसा, कसल्या वाटेवर जमला आणि माणूस खाली कसा उतरला, याचा पत्ता नसतो. वाचणारा आकडा तेवढा उचलतो आणि पुढच्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत हजर होतो.

‘एव्हरेस्टिंग’ ही मूळची सायकलवाल्यांची कल्पना. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राण गमावलेल्या जॉर्ज मॅलरींच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ मध्ये मेलबर्नजवळच्या माउंट डोना बुआंगचा रस्ता आठ वेळा चढून ८,८४८ मीटर जमवले. एव्हरेस्टच्या मोहिमेची ती त्याची तयारी होती. पुढच्याच वर्षी तो खऱ्या शिखरावर पोचलाही. या प्रकाराला रीतसर नियम आले ते २०१४ पासून: चढ एकच निवडायचा, तोच पुन्हा पुन्हा चढायचा, मध्ये झोपायचे नाही. वेळेचे बंधन नाही.

हेच पायी आणि सिंहगडावर करायचे म्हटले तर काय होते? आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि चढ साधारण ६०० मीटर. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा आजही बरा चालतो: सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे वर जायला दीड तास, उतरायला धरा एक. पाच फेऱ्यांचे ३,००० मीटर व्हायला विश्रांती सोडून साडेबारा तास लागतील. एव्हरेस्टच्या उंचीसाठी पंधरा फेऱ्या, म्हणजे साडेसदतीस तास, न झोपता. सरावलेली माणसे याहून बरीच वेगाने जातात, पण बातमी वाचून निघणाऱ्याने हिशेब नेस्मिथचाच धरावा.

आता आकडा मोजण्याविषयी. इथे प्रामाणिक माणसेही फसतात. सर्वांत ढोबळ चूक म्हणजे माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची चढाई म्हणून छापणे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, पण बारी गावातून चढाई होते साडेआठशे-नऊशे मीटर, कारण बारीच उंचावर वसलेले आहे. हरिश्चंद्रगडाचा माथा एकच, पण पाचनईतून जाणारा आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने येणारा यांची चढाई एकसारखी कशी असेल? नळीच्या वाटेने ती हजार मीटरच्या वर जाते. उलट कात्रज ते सिंहगड या टेकड्यांच्या वाटेवर माथा-पायथ्याचा फरक किरकोळ दिसतो, पण दर टेकडी उतरून पुन्हा चढावी लागते आणि बेरीज फुगते. तेव्हा निव्वळ उंची आणि बेरजेची चढाई हे दोन आकडे वेगळे लिहिलेच पाहिजेत.

त्यानंतर येतात घड्याळे आणि मोबाइल. उपग्रहावरून काढलेल्या उंचीतली चूक आडव्या अंतरातल्या चुकीपेक्षा मोठी असते. एका जागी उभे राहिले तरी आकडा काही मीटर वर-खाली होत राहतो. बेरीज फक्त ‘वर’ची होत असल्याने ही थरथर जमा होते, वजा कधी होत नाही. ताकवाल्या मावशींपुढे तुम्ही बसलेले असता आणि घड्याळ चढतच असते! हवेच्या दाबावरून उंची काढणारी घड्याळे यापेक्षा पुष्कळ बरी. पण दाब एक हेक्टोपास्कलने हलला की त्यांची उंची आठ-नऊ मीटरने हलते, आणि वळवाच्या पावसाआधी दाब भरपूर हलतो. घामाने किंवा पावसाने सेन्सरचे बारीक छिद्र बुजले तर मग विचारायलाच नको.

तिसरा प्रकार खास सह्याद्रीतला. काही ॲप तुमची जागा नकाशावर टाकून तिथली उंची घेतात. कोकणकड्याच्या काठाने चालताना जागा वीस मीटरने चुकली, तर ॲपच्या लेखी तुम्ही कड्याखाली पडून पुन्हा वर आलेले असता. अशा दोन-चार उड्यांत पठारावर फिरणाऱ्याच्या नावावर शेकडो मीटर चढतात. फेऱ्यांच्या चढाईला साधा उपाय आहे: सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून पायथ्याची आणि माथ्याची उंची घ्यावी, वजाबाकी करावी आणि फेऱ्यांनी गुणावे. १:५०,००० च्या नकाशात समोच्चरेषा वीस-वीस मीटरवर असतात, तेवढा नेमकेपणा बातमीला पुरतो.

आकड्यांची तुलनाही जपून करावी. स्पेनच्या किलियन जॉर्नेट या पर्वतधावकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये नॉर्वेत २४ तासांत २३,४८६ मीटर चढाई केली, हे वाचून आपल्याकडचे तीन हजार क्षुल्लक वाटतात. पण त्याने ती स्कीवर केली, सुमारे ४६० मीटरचा एकच उतार ५१ वेळा चढून, आणि दर वेळी खाली आला तो बर्फावरून घसरत, काही मिनिटांत. आतकरवाडीच्या दगडी वाटेवर उतरणे फुकट मिळत नाही.

दिवसभराच्या मोठ्या चढाईत माणूस मोडतो तो बहुतेक उतरताना. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचे वजन पेलत असतो, आणि स्नायूंच्या तंतूंना इजा होते ती या ताणातल्या कामाने. दुखणे त्या दिवशी फारसे कळत नाही. ते २४ ते ७२ तासांत वर येते आणि मग घरचा जिना उलटे होऊन उतरावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर गुडघे लटपटायला लागले की पाय नेमका पडत नाही आणि मुरमाच्या घसाऱ्यावर किंवा गुळगुळीत झालेल्या दगडावर घोटा मुरगळतो. यावरचा उपाय फेरीच्या दिवशी करता येत नाही, तो आधी करावा लागतो. दहा-पंधरा दिवस अगोदर एकदा मुद्दाम लांब उतार उतरून पाय दुखवून घ्यावेत. स्नायू ही ओळख काही आठवडे लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. दोन काठ्या घ्याव्यात आणि उतारावर त्या चढावापेक्षा थोड्या लांब कराव्यात. बुटाची नाडी उतरण्याआधी घोट्यापाशी पुन्हा आवळावी, नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याचे नख काळे पडते.

दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर ‘पाणी कमी पडले असेल’ म्हणून थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. फुटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण असते. वाटेत आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या खाऊन फेऱ्या पुऱ्या करणे याच कारणाने वाईट. पाणी आटलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात.

खाण्याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने होतो. माणूस आणि पाठपिशवी मिळून ७० किलो धरले, तर १,००० मीटर वर न्यायला साधारण ६८६ किलोज्यूल, म्हणजे १६४ किलोकॅलरी लागतात. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्षात दर हजार मीटरला ६५० ते ८०० किलोकॅलरी जातात. शरीरातला साठवलेल्या साखरेचा साठा फार तर दोन हजार किलोकॅलरींचा. भूक लागल्यावर खाऊ म्हणणारा चढाईच्या तिसऱ्या हजार मीटरांत गळपटतो. पहिल्या तासापासून तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. दोन केळी म्हणजे जवळपास ५० ग्रॅम, सात-आठ खजूर तेवढेच. गडावरची पिठलं-भाकरी आणि भरीत शेवटच्या फेरीनंतर खावे, आधी नव्हे. तेल आणि कोंडा पोटात बसून राहतात. (शेवटच्या फेरीनंतर मात्र जरूर खावे.)

पाण्यात चूक दोन्ही बाजूंनी होते. कमी पिणारे सगळ्यांना दिसतात. नुसते पाणी लिटरमागून लिटर पिणाऱ्याच्या रक्तातले सोडियम उतरते, ते दिसत नाही. डोके दुखते, मळमळते, बोटे सुजतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. सोबतचे त्याला पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी पाजतात. तहानेप्रमाणे प्यावे, सोबत मीठ घालून लिंबूपाणी किंवा ताक असावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटरमध्येच विरघळवावे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले की ते इतके घट्ट होते की जुलाब लागतात.

सायकलवाल्यांचे दुखणे वेगळे. मोठ्या चढाईत घात होतो तो गिअरमुळे. पुढे ३४ दातांची चकती, मागे ३४ दातांची, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारले तर वेग ताशी पावणेनऊ किलोमीटर. दहा टक्के चढावर स्वार आणि सायकल मिळून ८५ किलोला एवढ्या वेगासाठी २१० वॅटच्या आसपास लागतात. हौशी स्वाराला हे दहा तास पेलत नाही. मग फेरे ४५ वर येतात, जोर गुडघ्यावर जातो आणि पाचव्या-सहाव्या फेरीत गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते. मागे ३६ किंवा ४० दातांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावायला कमीपणा मानू नये. आयर्लंडच्या रोनन मॅकलॉफ्लिनने २०२१ मध्ये पावणेसात तासांच्या आत एव्हरेस्टिंग केले, ते सरासरी १४ टक्क्यांच्या छोट्या चढावर. चढ जितका उभा तितके अंतर कमी आणि हवेशी झगडण्यात वाया जाणारा जोरही कमी. पण तो हिशेब त्याच्या पायांसाठी आहे. आपल्यासारख्यांनी सहा-सात टक्क्यांचा घाट बघावा. ताशी आठ किलोमीटरला वारा लागत नाही, अंगाची उष्णता अंगातच राहते, हेही ध्यानात असू द्यावे. मार्च ते मे पहाटे तीनला सुरुवात करून दहाला थांबलेले बरे.

उतरताना ६०० मीटरला ८५ किलोची पाच लाख ज्यूल ऊर्जा ब्रेक आणि हवेत जाते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवणारा सगळी उष्णता पॅडमध्ये साठवतो. पॅड चकाकतात, धरत नाहीत. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडावा आणि मग सोडून द्यावेत. पॅडचा एक जादा जोड खिशात ठेवावा, रात्रीच्या फेऱ्यांना तर नक्कीच.

शेवटचा गोंधळ सर्वांत घातक. सह्याद्रीत दिवसाला तीन हजार मीटर मारणारा माणूस विमानाने लेहला, ३,५०० मीटरवर उतरतो आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला या खिंडीकडे सायकल काढतो. चाळीस किलोमीटरच्या आत ती साडेअठराशे मीटरची चढाई, त्याच्या हिशेबी किरकोळ. पण सिंहगडाच्या फेऱ्यांनी पाय आणि छाती तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती फक्त उंचीवर राहून होते. खिंडीत प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. तंदुरुस्त माणसाला धोका उलट जास्त, कारण तो लवकर वर पोचतो. लेहमध्ये आधी दोन दिवस स्वस्थ काढावेत. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर चर्चा न करता खाली उतरावे.

तेव्हा विनंती अशी, की अशा बातमीत चार शब्द जास्त छापावेत: पायथा कोणता आणि माथा कोणता, फेऱ्या किती, मोजणी नकाशावरून की घड्याळावरून, आणि उतरणे पायी की गाडीने. आणि कोणी खारदुंग ला गाठल्याची बातमी आली, तर तिथल्या फलकावर वर्षानुवर्षे झळकलेले १८,३८० फूट जसेच्या तसे उतरवू नयेत. खिंडीची मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट आहे.

कळावे,
एक वाचक, पुणे