दंड फुगण्याआधी वाढणारी ताकद

महोदय,

व्यायाम सुरू करून काही आठवडे झाले तरी दंड भरला नाही, म्हणून निराश होणारी माणसं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नेहमी पाहते. वजन मात्र ती आधीपेक्षा जास्त उचलत असतात! सुरुवातीची ही वाढ मुख्यतः चेतासंस्थेची. मेरुरज्जूतल्या प्रेरक चेतापेशी स्नायूंना अधिक वेगाने संदेश धाडू लागतात. स्नायूंचे तंतू जाड होणं नंतरचं.

पोलिओत तर यातल्या काही चेतापेशी मरतात, आणि बचावलेल्या चेतापेशी नवे फाटे फोडून पोरके झालेले स्नायूतंतू सांभाळतात. काही दशकांनी त्याच थकत जातात असं मानलं जातं, आणि रुग्णाला पुन्हा अशक्तपणा येतो. अशांना ‘आणखी जोर लावा’ असं कृपया कुणी सांगू नये. व्यायाम बेताचा हवा, मध्ये विश्रांती हवीच.

– एक फिजिओथेरपिस्ट