आधी कर्ता शोधू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पानावर अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी इंग्रजी व्याकरणाच्या नियमांची लांबलचक यादी आली आहे. सॅट, एसीटी अशा परीक्षांसाठी मी मुलांना इंग्रजी शिकवते. त्यामुळे तिचं कात्रण माझ्या वर्गात यायला वेळ लागला नाही. मुलं ती पाठ करत होती, म्हणून हे पत्र.

यादीतले बरेच नियम बरोबर आहेत, काही अर्धवट आहेत आणि दोन-तीन चक्क कुणीतरी रचलेले आहेत. ‘नन’ (none, म्हणजे ‘एकही नाही’) या शब्दानंतर क्रियापद नेहमी एकवचनीच हवं, हा त्यातला एक. ‘नन ऑफ द वॉटर इज’ आणि ‘नन ऑफ द स्टुडंट्स आर’ ही दोन्ही वाक्यं इंग्रजीत वर्षानुवर्षं सुखाने नांदत आहेत. जाणकारांतच जिथे वाद आहे तिथे प्रश्न काढणारे सहसा जात नाहीत. गेले तर त्यांनाच ते महागात पडतं.

तसं ते पडलंही आहे. ऑक्टोबर 2002 च्या पीसॅटमध्ये, म्हणजे सॅटच्या पूर्वपरीक्षेत, लेखिका टोनी मॉरिसन यांच्याबद्दल ‘टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर टू क्रिएट नॉव्हेल्स...’ अशी सुरुवात असलेलं एक वाक्य होतं. त्यात चूक नाही, असं अधिकृत उत्तर होतं. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली. ‘मॉरिसन्स’ हे षष्ठीचं रूप विशेषणाचं काम करतं, तेव्हा ‘हर’ हे सर्वनाम त्याच्यासाठी येऊच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. काही व्याकरणपुस्तकांत असा नियम होताही. अखेर 2003 मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले. आता ते वाक्य मोठ्याने वाचा. ‘हर’ म्हणजे कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंका येईल? मला तरी येत नाही. आणि असा नियम पाठ करायला लावून आपण मुलांना काय देतो, हेही मला कळत नाही.

सध्याच्या डिजिटल सॅटमध्ये वाचन-लेखनाचे 54 प्रश्न 64 मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 70 सेकंद. व्याकरण आणि विरामचिन्हांचा वाटा साधारण चौथा हिस्सा, आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ व सर्वनामं हा त्यातलाही एक तुकडा. त्यासाठी एवढी मोठी यादी?

प्रत्यक्षात प्रश्न असा येतो: ‘द कलेक्शन ऑफ लेटर्स दॅट द सिस्टर्स रोट टू देअर कझिन्स ___ नाऊ ऑन डिस्प्ले.’ पर्याय: आर, वेअर, हॅव बीन, इज. (वाक्य माझं, साचा परीक्षेचा.) मुलं पहिल्या तिघांत काळावरून घोळ घालत बसतात, कारण रिकाम्या जागेला खेटून ‘कझिन्स’ बसलेले असतात. परवा एका मुलीला म्हटलं, ‘ऑफ’पासून ‘कझिन्स’पर्यंत तळहाताने झाक. उरलं ‘द कलेक्शन’ आणि रिकामी जागा. तिने लगेच ‘इज’वर बोट ठेवलं. मग पर्यायांकडे पाहून म्हणाली, “तीन अनेकवचनी, एकच एकवचनी. म्हणजे काळाचा प्रश्नच नव्हता!” नव्हताच. काळ हा नुसता धुरळा होता.

मराठीत वाढलेल्या मुलांना मेळाची जाण नसते, असं कुणी समजू नये. ‘पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली’ हे कुणी त्यांना शिकवलेलं नसतं. अडचण वेगळीच आहे. ‘बहिणींनी भावंडांना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह इथे आहे’ या वाक्यात सगळा पसारा ‘संग्रह’च्या आधी उरकतो आणि कर्ता क्रियापदाच्या शेजारी येतो. इंग्रजीत तोच पसारा दोघांच्या मधे शिरतो. जवळचं नाम तोच कर्ता, ही आपल्या कानाची सवय तिथे दगा देते. यादीत याबद्दल अवाक्षर नाही.

सर्वनामांचंही तसंच. ‘एव्हरी स्टुडंट’नंतर ‘देअर’ म्हणजे घोर चूक, असं आपण छापलं आहे. एपीए या शैलीपुस्तिकेने 2019 च्या सातव्या आवृत्तीत एकवचनी ‘दे’, म्हणजे एकाच व्यक्तीसाठी ‘दे’, ‘देअर’ वापरणं, मान्य केलं आहे. मी पाहिलेल्या अलीकडच्या सराव-प्रश्नांत तो वाद टाळलेला दिसतो. तिथे सर्वनाम बहुधा एखाद्या वस्तूसाठी किंवा संस्थेसाठी असतं आणि निवड ‘इट्स’ की ‘देअर’ एवढीच असते. मात्र ‘टीम’, ‘कमिटी’ हे शब्द अमेरिकी परीक्षेत एकवचनी धरायचे. ‘द टीम आर’ हे ब्रिटिश वळण आहे. यादीत दोन्ही वळणांची सरमिसळ झाली आहे. जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेसाठी म्हणून दिलेले वाक्यदुरुस्तीचे नियम तर आता कामाचेच नाहीत. 2023 च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमध्ये तो प्रश्नप्रकारच उरलेला नाही.

तेव्हा विनंती अशी की, यादीऐवजी दर आठवड्याला चार-पाच लांब वाक्यं द्यावीत आणि उरलेले तीन पर्याय का चुकले, हेही सोबत छापावं. नुसतं ‘उत्तर : ड’ दिसलं की मुलं पुढच्या प्रश्नाकडे पळतात.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका