पिशवी तिची, निर्णय मात्र सगळ्यांचा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरचं आरोग्याचं पान मी नेमानं वाचतो, धंदाच तसा आहे, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. त्या पानावरच्या प्रत्येक लेखाचा शेवट ठरलेला, "अधिक माहितीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा". बरं, घेतला सल्ला. पण तिथं जाऊन विचारायचं काय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले तर त्यावर आपण काय बोलायचं असतं, थोडं थांबतो म्हणता येतं का, दुसरीकडं दाखवतो म्हटलं तर त्यांना राग येईल का, हे कुणीच लिहीत नाही. लोकांची खरी अडचण तिथंच आहे म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं पिशवीचं, म्हणजे बायकांचं गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचं, कापू नका.

ओपीडीतनं बाहेर पडलेला पेशंट चिठ्ठी घेऊन सरळ माझ्या काउंटरवर येतो आणि पहिला प्रश्न काय तर "भाऊ, ह्या कशाच्या गोळ्या हायेत?" डॉक्टरांनी सांगितलं नाही का विचारलं की म्हणतात, सांगितलं असंल, पण लई गर्दी होती. मग मी सांगतो. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी परस्पर बंद करणारे, थायरॉईडची गोळी चहा-बिस्किटासोबत घेणारे, रक्तवाढीच्या गोळ्यांनी शी काळी होते म्हणून घाबरून टाकून देणाऱ्या बाळंतिणी (काळी होणारच, लोह आहे ते, पण हे कुणी आधी सांगितलंच नाही तर त्या तरी काय करतील), आणि दम्याची ओढायची कॅप्सूल पाण्यासोबत गिळून "फरक पडत नाही" म्हणणारे तर दर हिवाळ्यात येतात. ह्यातलं एकही माणूस मूर्ख नाही. त्यांना सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये फार्मासिस्टनं पेशंटचं समुपदेशन करावं असं स्पष्ट आहे, किती दुकानात होतं ते आपण सगळे जाणतो. मी एकच गोष्ट करतो, गोळी कशी घ्यायची ते सांगून झालं की म्हणतो, "आता तुम्ही मला सांगा, कशी घेणार?" निम्मे लोक उलटंच सांगतात. मग परत. ह्याला पैसे लागत नाहीत, जास्तीत जास्त मागच्या गिऱ्हाईकाची थोडी चिडचिड होते.

पण गोळ्या चुकल्या तर दुरुस्त तरी होतात, काढलेला अवयव परत बसवता येत नाही. माझ्याकडं तीस-पस्तीस वयाच्या बाया कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला येतात, हाडं दुखतात, अंगातनं गरम वाफा निघतात, झोप नाही. विचारलं की कळतं, "पिशवी काढलीय भाऊ". कशामुळं? अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, डॉक्टर म्हणाले पिशवी सुजलीय, पुढं कॅन्सर होईल. असा त्रास अंडाशय गेल्यानं होतो, म्हणून सोबत तेही काढलेत का विचारलं तर बहुतेकींना ते माहीतच नाही. आपल्या पोटातनं नेमकं काय काढलं हे त्या बाईला माहीत नाही, आणि फाईल मागायला जावं तर कुणाला धीर होत नाही. खरं तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणं पेशंटनं मागितलेले कागद ७२ तासांच्या आत द्यावे लागतात.

बीडचं हे प्रकरण २०१९ ला देशभर गाजलं. त्यावेळच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड बायांचा सर्व्हे झाला, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बाहेरच्या लोकांना प्रश्न पडला की बाया तयार तरी कशा होतात. आमच्या भागात कुणालाच पडला नाही. हंगामाआधीच उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक दिवस खाडा झाला की टोळीचा मुकादम पैसे कापतो, उसाच्या फडात संडास नाही, पाळीच्या चार दिवसांत मोळ्या उचलून ट्रक भरायचा, आणि अशात कुणी पांढऱ्या कोटातला माणूस सांगतो की ही कटकट कायमची जाईल आणि कॅन्सरची भीतीपण. ती बाई "हो" म्हणते. त्या "हो"ला निवड म्हणायचं का हा माझा प्रश्न आहे.

मग उपाय काय केला, तर खासगी दवाखान्यात पिशवी काढायची असेल तर सिव्हिल सर्जनची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याच्या प्रमुखाची, परवानगी लागेल असा आदेश काढला. आदेश चांगला होता, त्यानं वचक बसला, मी वाईट म्हणत नाही. पण नीट बघा, एका साहेबाचा निर्णय उचलून दुसऱ्या साहेबाच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर सुचवणार, सिव्हिल सर्जन मंजूर करणार, सही नवरा किंवा दीर करणार, आणि जिची पिशवी तिला ऑपरेशन सोडून दुसरे कोणते इलाज आहेत हे कुणी सांगायचं ते कुठंच ठरलं नाही. बहुतेक वेळा पांढरं जाणं हे इन्फेक्शन असतं आणि गोळ्यांनी बरं होतं, कधी नवऱ्यालापण सोबत औषध घ्यावं लागतं (तो घेत नाही ती गोष्ट वेगळी). जास्त रक्तस्राव असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी आहे, कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी आहे. काही बायांना खरंच ऑपरेशन लागतं, तेही खरं. पण हे सगळं समोर मांडलं आणि मग ती म्हणाली काढा, तर तो तिचा निर्णय झाला.

सुप्रीम कोर्टानं हे २००८ मध्येच सांगून ठेवलंय, समीरा कोहली खटल्यात. तिथं पेशंट फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी टेबलावर होती, ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. कोर्ट म्हणालं की पेशंट सज्ञान होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आईची संमती ही तिची संमती नाही. आणि संमती म्हणजे काय तेही सांगितलं, की काय करणार, कशासाठी, फायदा किती, धोका काय, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच नाही केलं तर काय होईल, एवढं सांगितलेलं असलं पाहिजे. आता आमच्याकडं कुठल्याही दवाखान्यात जाऊन बघा. भरती करतानाच इंग्रजी फॉर्मवर तीन-चार ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या असतात, "इथं, इथं आणि इथं सही करा". पेशंट आत साडी बदलत असतो आणि सही बाहेर नवरा करतो. नवऱ्याच्या सहीचा आग्रह तर इतका की गर्भपाताला सुद्धा मागतात, जिथं १९७१ पासूनच्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी आहे.

ह्यावर एक उत्तर नेहमी मिळतं, डॉक्टरांकडनं आणि शिकलेल्या नातेवाईकांकडनंही, की "अहो अडाणी माणसाला काय कळणार". ह्याचा मला मनापासून राग येतो. आमच्या शेजारी जामखेड आहे. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या बाळंतपण, जुलाब, कुपोषण सांभाळायला लागल्या आणि गावाला समजावून सांगायला लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याचं मूळ तिथं आहे. त्याच राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेली होती फक्त ८ टक्के जणींची. म्हणजे त्रास होता, बोलायला जागा नव्हती. बंग दांपत्याच्या शोधग्राम इथला दवाखाना बांधताना तर आदिवासींनाच विचारलं की कसा हवा, ते म्हणाले आमच्या घरासारखा, नातेवाईक सोबत राहतील असा, तर तसाच झोपड्यांचा बांधला आणि माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. गोंड माणसाला दवाखाना कसा असावा ते सांगता येतं आणि ऊसतोड बाईला ऑपरेशन कळणार नाही, हे मला पटत नाही.

डॉक्टरांची बाजूही लिहितो, नाहीतर उद्या मला समोरच्या ओपीडीतनं चिठ्ठ्या यायच्या बंद होतील. सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर दिवसाला शंभराच्या वर पेशंट बघतो, त्यात काहीतरी बिनसलं की जमाव काचा फोडतो, तो माणूस किती समजावणार. आणि आपले लोकही कमी नाहीत, डॉक्टर सांगत असतो की सलाईनची गरज नाही, तर हे उठून सलाईन लावणाऱ्याकडं जातात. "तुम्हीच काय ते बघा साहेब" म्हणून मान डोलवायची आणि बाहेर येऊन मेडिकलवाल्याला विचारायचं, ही सवय आपलीच. पण प्रश्न विचारला की "मी डॉक्टर की तू" हे ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला विचारेल.

कायदा नाही असंही नाही. १४ जानेवारी २०२१ ला नर्सिंग होमचे नियम राज्य सरकारनं सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दिसेल अशी लावायची आहे. माहिती, संमती, दुसऱ्या डॉक्टरचं मत, औषध कुठल्या दुकानातनं घ्यायचं ते ठरवायचा हक्क, सगळं त्यात येतं (शेवटच्यात माझा स्वार्थ आहे, मान्य). सनद बऱ्याच ठिकाणी लावलेलीपण आहे. कुठं, तर फायर एक्स्टिंग्विशरच्या मागं, नाहीतर इतक्या बारीक अक्षरात की माझ्यासारख्या चष्मेवाल्याला स्टुलावर चढावं लागेल. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की पिशवीच्या ऑपरेशनबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. तालुक्याच्या पातळीवर त्याचं काय झालं ते तुमच्या बातमीदारानं एकदा चार दवाखाने फिरून बघावं, चांगली बातमी होईल.

माझं म्हणणं एवढंच आहे. तातडीची केस नसेल तर संमतीचा फॉर्म मराठीत, आदल्या दिवशी, पेशंटच्या स्वतःच्या हातात द्यावा, वाचता येत नसेल तर सिस्टरनं वाचून दाखवावा, बाईची केस असेल तर पाच मिनिटं नवऱ्याला बाहेर बसवावं, आणि शेवटी तिलाच विचारावं की बाई सांग बरं उद्या काय करणार आहेत. तिला सांगता आलं तर सही घ्यावी. हे सिस्टर करू शकते, आशाताई करू शकते, डॉक्टरचाच वेळ गेला पाहिजे असं नाही.

आणि तुम्हाला विनंती, दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्याच्या आधीच्या एका अंकात आरोग्याच्या पानावर फळांच्या ज्यूसचे फायदे छापायच्या ऐवजी पिशवीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय काय विचारायचं ते छापा, मोठ्या अक्षरात, एखाद्या चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडून तपासून घेऊन. अंडाशय ठेवणार की काढणार, हा प्रश्न त्यात नक्की टाका. त्या दिवशीचे पेपर मी जास्तीचे मागवून ठेवीन, कॅल्शियमच्या गोळ्या गुंडाळायला नाही, काउंटरवर वाटायला.

आपला,
एक मेडिकल दुकानदार, जि. बीड
(नाव व पत्ता पत्रासोबत दिला आहे, छापू नये)