बुडालेला धान पुन्हा उभा राहतो

महोदय,
वैनगंगेचा पूर ओसरल्यावर बांधीत उतरलं की रोवलेल्या धानाचा नुसता लगदा हाती येतो; तो कुजका वास चार दिवस नाकातून जात नाही. ओडिशातल्या ‘एफआर १३ ए’ वाणातलं ‘सब १ ए’ जनुक मात्र पाण्याखाली रोपाची वाढ थोपवतं, साठवलेली ताकद राखतं. जवळपास दोन आठवडे बुडून राहिला, तरी पाणी उतरल्यावर धान पुन्हा फुटतो. डीएनएतल्या खुणा तपासत, साध्या संकरातूनच हे जनुक ‘स्वर्णा’ या धानाच्या वाणात उतरवलं गेलं. ‘स्वर्णा-सब १’ भारतात २००९ मध्येच प्रसारित झाला. नदीकाठच्या गावांना तरी हे बियाणं पऱ्हे (रोवणीसाठीची रोपं) टाकण्याआधी मिळावं, एवढीच कृषी विभागाला कळकळीची विनंती.

— एक धान उत्पादक शेतकरी, पवनी, जि. भंडारा