नानांचं कीर्तन. फॉरमॅट करू नये.

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं दादा. मिरजेत जिन्याखाली टेबल टाकून कॉम्प्युटर दुरुस्त करत बसणारे, डोक्यावर पायऱ्या आणि पायाशी उघडी कॅबिनेटं असलेले तुम्ही काही एकटे नसाल. तुमच्या अक्षरातली ती मास्किंग टेपची पट्टी ज्यांनी पाहिली आहे, ते ओळखतील.

त्या शनिवारी मी धड बोलले नाही. आई बरोबर होती, रिक्षा थांबवून ठेवली होती, घसा दाटला होता, आणि अशा वेळी आमच्या घरातले लोक करतात तेच मी केलं. पैशांवरून वाद घातला. 'एवढे कमी कसे घेता?' असं भांडणाच्या सुरात विचारणारं गिऱ्हाईक तुम्हाला पहिल्यांदाच भेटलं असेल. आज आठ दिवस झाले. आता लिहिते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. माझे वडील, नाना, शाळामास्तर होते आणि हौसेने नारदीय कीर्तन करायचे. बिदागी म्हणजे नारळ, शिधा आणि एसटीचं भाडं. २००७ च्या कार्तिकी एकादशीला गावच्या विठ्ठल मंदिरात त्यांनी दामाजीपंतांचं आख्यान लावलं होतं. माझ्या मामेभावाने नवा हॅंडीकॅम घेतला होता, त्याने ते टिपलं. पूर्वरंग राहूनच गेला, कारण बॅटरी चार्जिंगला होती. उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, मिळाला, ५२ मिनिटांचा. त्याने तो केबल लावून आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिला. पुढे त्याच कॅसेटवर त्याने कुणाची तरी मुंज घेतली. (मामेभावाला मी अजून बोलते. बोलत राहणार.) नाना २०१५ मध्ये गेले. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता : पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, ८० जीबीची हार्डडिस्क, वर आईने विणलेलं झाकण.

ते एक्सपी २००१ मध्ये आलेलं. ८ एप्रिल २०१४ नंतर त्याला अपडेट मिळणंही थांबलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दम्यासारखं ते माहीत होतं. आज बरं आहे ना, मग उद्या बघू.

या दिवाळीत तो डबा चालू करायला पाच-पाच मिनिटं घ्यायला लागला, तेव्हा भीती वाटली. मी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणून कीर्तन त्यात टाकायला गेले. फाइल साधारण ११ जीबीची. पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा. एक्सपीने सांगितलं : जागा पुरेशी नाही, काही फाइली काढून टाका. काढायला काहीच नव्हतं!

पहिल्या दुकानदाराने पेनड्राइव्ह उलटासुलटा करून बघितला आणि 'मॅडम, डुप्लिकेट माल आहे' म्हणून त्याच्याकडचा विकला. तोच संदेश. मग ६४ चा विकला. तोच संदेश. एकूण तीन पेनड्राइव्ह आज माझ्या कपाटात आहेत, तिन्ही अस्सल.

दुसऱ्या दुकानात माणूस हुशार होता, मशिन तिथेच ठेवून घेतलं. कॅबिनेटच्या पत्र्यावर मार्करने 'पी ४, स्लो' असं लिहिलं. आत काय आहे हे त्याने विचारलं नाही. मी सांगायला लागले तर, 'डेटाची गॅरंटी नाही मॅडम, आधी सही करा.' दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पडद्यावर निळी विंडो होती आणि त्याचं बोट एंटरवर. 'फॉरमॅट मारून फ्रेश विंडोज टाकतो, मशिन पळायला लागेल.' फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. मी भर दुकानात ओरडले. आयुष्यात वर्गाबाहेर इतक्या जोरात कधी ओरडले नव्हते. पुण्याच्या भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, 'मावशी, क्लाउडवर का नाही ठेवलंस?' २००७ साली ढग फक्त पाऊस पाडायचे रे बाबा.

या सगळ्यानंतर मी तुमच्याकडे आले. खरं तर तुमच्याकडे आलेच नव्हते, वर दाताच्या डॉक्टरांकडे चालले होते.

तुम्ही पहिलं काय विचारलंत आठवतंय? रॅम किती, बोर्ड कुठला, वॉरंटी आहे का, काही नाही. 'ताई, ह्यात हाय काय?' मी सांगितलं. बहुतेक जास्तच सांगितलं, दामाजीपंतांपर्यंत गेले. तुम्ही हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलात. टेबलाच्या खणातून मास्किंग टेप काढली, हातभर ओढून दातांनी तोडली, कॅबिनेटवर त्या 'पी ४, स्लो'च्या बरोब्बर वर चिकटवली. बॉलपेन उचललं आणि थांबलात.

'ताई, कीर्तनातली की पहिली का दुसरी?'

सव्वीस वर्षं मराठी शिकवते मी. मुलांना पाठीत धपाटे घालून (तेव्हा चालायचं) विचारलेला प्रश्न. कुणी आपण होऊन, जिन्याखाली, उभ्या-उभ्या, एका भंगाराच्या डब्यावर लिहिण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ विचारतो? 'दुसरी,' मी म्हणाले. तुम्ही लिहिलंत : 'नानांचं कीर्तन. फॉरमॅट करू नये.' 'करू'मधला रू मात्र पहिला काढलात. मी काही बोलले नाही.

तुमच्या टेबलाखाली तेव्हा नऊ-दहा मशिनं होती. सगळ्यांवर चिठ्ठ्या होत्या, मी वाचल्या. डिस्प्ले नाही. एसएमपीएस. पाटील, अर्जंट. माणसाच्या नावाची होती तीही पैसे देणाऱ्याच्या नावाची. आत कोण आहे हे लिहिलेली एकच.

शुक्रवारी मी चौकशीला आले तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. तुमचा तो पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा असेल, कुणाचं तरी मशिन दुरुस्त करायला सुटा पार्ट शोधत एकेक डबा उघडत होता. नानांच्या डब्याकडे हात गेला, पट्टी वाचली, हात मागे. नुसता मागे नाही, तो डबा त्याने दोन्ही हातांनी सरकवून आत भिंतीला लावला, कुणाचा पाय लागू नये म्हणून. त्याने मला पाहिलंच नव्हतं. मी तशीच परत फिरले. चौकशी झाली होती.

बाकी तुम्ही काय केलंत ते मला निम्मं कळलं. जागा नाही म्हणजे काय, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, ते मात्र आता मी शाळेत सगळ्यांना ऐकवते : 'गोदाम बत्तीसचं हाय ताई, पण दार चारचं. कपाट आत जाईना, तर हे म्हणतंय गोदाम भरलंय.' पेनड्राइव्ह येतात ते अनेकदा फॅट-३२ नावाच्या पद्धतीने आखलेले, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे मावतच नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा आणा. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलं की दार मोठं होतं. दोन पेनड्राइव्ह विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं, की माहीत होतं? दुसरी शक्यता जास्त राग आणणारी आहे, म्हणून मी पहिली धरून चालते.

पण दार हा अर्धाच आजार होता. डिस्क खरोखरच चालली होती. भावाची पोर्टेबल डिस्क लावून बघितली होती, त्यात फाइल जायला लागायची आणि निम्म्यात 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असं काहीतरी येऊन सगळंच बंद पडायचं. डिस्कवर लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळ्याचा आकडा असतो, वाचताना हिशोब जुळला नाही की ही आरोळी, हे तुमच्याकडून कळलं. आणि एक्सपी असं आहे की एक तुकडा वाचता आला नाही तर अख्खी कॉपी टाकून देतं. जसं एका पोराच्या वहीत चूक निघाली म्हणून साऱ्या वर्गाच्या वह्या फेकून द्याव्यात.

मी विचारलं, पुन्हा एकदा करून बघू का? तुम्ही जवळजवळ माझा हात धरलात. 'हिला आता लई चालवायचं न्हाई. म्हातारं माणूस हाय. जेवढं बोलंल तेवढं एकदाच लिहून घ्यायचं. परत-परत विचारायचं न्हाई.' म्हणजे त्या दुकानदाराने आणि मी मिळून तिला दहा-बारा वेळा तेच तेच विचारलं होतं. नाना शेवटी दवाखान्यात होते, तेव्हा दर राउंडला नवा डॉक्टर येऊन 'आजोबा, नाव सांगा' म्हणायचा. सहाव्यांदा नानांनी डोळेच मिटून घेतले होते. असो.

तर तुम्ही आमचं मशिन चालूच केलं नाहीत. डिस्क काढून, विंडोज नसलेल्या तुमच्या त्या दुसऱ्या मशिनला लावलीत आणि फाइल नाही, सबंध डिस्कचीच प्रत घ्यायला लावलीत. चांगला भाग आधी, दुखरा भाग सोडून पुढे, मग त्याच्याकडे सावकाश परत. मधे दोनदा लाइट गेली, तरी जिथे थांबलं होतं तिथूनच ते पुढे गेलं. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ. काम एवढंच. पण ह्या सगळ्यात माझं अज्ञान तुमच्यासमोर उघडं पडलेलं होतं, आणि तुम्ही त्याची किंमत लावली नाहीत, त्याला हसलाही नाहीत. हे हल्ली दुर्मिळ झालंय. बॅंकेच्या खिडकीशी, मोबाइलच्या दुकानात, साध्या गॅसच्या शेगडीवाल्याकडेसुद्धा, आपल्याला येत नाही हे समोरच्याला कळलं की त्याचा आवाज बदलतो. तुमचा बदलला नाही. नानांकडे कुणी अडाणी श्रोता येऊन 'बुवा, ते पद परत म्हणा, कळलं नाही' म्हणाला, तर ते पगडी सावरून पुन्हा पहिल्या ओळीपासून घ्यायचे. तुमच्याकडे बघताना मला ते आठवत होतं, आणि घसा दाटला तो त्यामुळे. कीर्तन नंतर.

कीर्तन शनिवारी लागलं. आईला तुम्ही तुमची गादीची खुर्ची दिलीत. पोराला रेडिओ बंद करायला लावलंत. पडद्यावर पेटीवाले गुरव, झांज, बुक्का, आणि नाना. आई काहीच बोलली नाही. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, लोक झाडाची साल खायला लागले, आणि दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं उघडली. नाना 'घ्या रे' म्हणून दोन्ही हात पसरतात तिथे आईचे हात मांडीवर थोडेसे उघडले. मला वाटतं तुम्हीही पाहिलंत, कारण तुम्ही एकदम किल्ल्या शोधायला लागलात.

एकतिसाव्या मिनिटाला नानांच्या पगडीवर चौकटी-चौकटी झाल्या, आवाज खर्रकन तुटला, आणि परत सुरू. सेकंद-दीड सेकंद. तुम्ही माफी मागितलीत! म्हणालात, सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, ह्या प्रकारच्या फाइलीत प्रत्येक चित्र सुटं असतं, माळेतल्या मण्यासारखं, म्हणून तीस-चाळीस मणीच फुटले, माळ वाचली. तरी तेवढं काढता आलं नाही, सॉरी, आज्जी.

आई पहिल्यांदा बोलली. 'अरे, तिथं त्यांना ठसका लागला होता. मला आठवतंय. बरं झालं, ठसकाच गेला.'

तुम्ही हसलात ते बघून मग आम्ही हसलो.

तुम्ही बजावल्याप्रमाणे आता तीन प्रती झाल्या आहेत. एक आईकडे, एक माझ्याकडे, एक नाशिकला भावाकडे, आणि कुठलीच पेनड्राइव्हवर नाही. जुनी डिस्क तुम्ही परत दिलीत ती मी टाकून देणार होते. आईने दिली नाही. नानांच्या झांजा ज्या पत्र्याच्या डब्यात आहेत त्यात ती गुंडाळून ठेवली आहे. कॅबिनेट मात्र भंगारात गेलं. भंगारवाला न्यायला आला तेव्हा आईने त्याला दारात थांबवलं, नखाने हळूहळू तुमची पट्टी सोडवली आणि झांजांच्या डब्यावर लावली. गोंद गेला होता, म्हणून भाताची शितं चोळून. काल एक कोपरा सुटला होता. तिने पुन्हा शीत लावलं.

कळावे.
आपली,
त्या आजींची मुलगी

ता. क. शनिवारी चिवड्याचा डबा तुमच्याकडेच राहिला. स्टीलचा, झाकणावर नानांचं नाव कोरलेला. घाई नाही, पण आई रोज विचारते.